दानापूर्वी आजीविका शुद्ध असावी

(धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यापारातील नीती आणि कंपन्यांची व त्यांच्या व्यवस्थापकांची समाजाविषयीची जबाबदारी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. हा विषय कारखानदारांच्या सभेत शोभणारा आहे, आपल्या मेळाव्यात त्याचे काय प्रयोजन, अशी शंका आपणांपैकी काहींच्या मनात येईल. परंतु ही शंका बरोबर नाही. कंपनीशी आपला संबंध तीन प्रकारांनी येतो. आपल्यापैकी पुष्कळजण कंपन्यांत श्रम करतात आणि कारखान्यांच्या कुंपणालगतच्या वस्त्यांत राहतात, हा पहिला संबंध. ज्यांच्या आजोबांना गिरणीच्या फाटकातून आत जाण्यासाठी जॉबरची मनधरणी करावी लागे, त्यांचीच नातवंडे आज शिकून इंजिनीअर, हिशेबनीस आणि व्यवस्थापक झाली आहेत. काहींनी स्वतःचे लहानमोठे उद्योगही काढले आहेत. हा दुसरा संबंध. आणि कंपन्यांच्या देणग्या आता आपल्या वस्तीतील शाळेपर्यंत, वसतिगृहापर्यंत पोहोचू लागल्या आहेत, हा तिसरा. राबणारा, हुकूम देणारा आणि देणगी घेणारा अशा तिन्ही नात्यांनी आपणांस या प्रश्नाचा विचार करणे प्राप्त आहे.

कंपनीची सामाजिक जबाबदारी असे म्हटले की हल्ली लोकांच्या डोळ्यांपुढे देणगी उभी राहते. त्याचे कारण कायद्यात आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा वार्षिक उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के शिक्षण, आरोग्य, दारिद्र्यनिवारण अशा कामांवर खर्च करावेत, असे हे कलम सांगते. कायदा चांगला आहे. त्यातून शाळांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि पाण्याच्या सोयी झाल्या, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या कायद्यातील एक गोष्ट आपण नीट ध्यानात घ्यावी. कंपनीने केवळ स्वतःच्या कामगारांच्या हितासाठी केलेला खर्च या २ टक्क्यांत धरला जात नाही. कामगारास योग्य वेतन देणे, यंत्राला संरक्षक जाळी बसविणे, विषारी पाणी शुद्ध करूनच बाहेर सोडणे, ही समाजसेवा नव्हे. ते कर्तव्य आहे, आणि कर्तव्याची पावती देणगीच्या वहीत फाडावयाची नसते.

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे आहे. नफ्यातून काय दिले, हा प्रश्न नंतरचा. तो नफा कसा मिळविला, हा प्रश्न आधीचा. शंभर रुपयांतील दोन रुपयांकडे पाहून आपण टाळ्या वाजवितो. परंतु कंपनीची नीती त्या शंभर रुपयांच्या मिळकतीतच ठरून गेलेली असते.

हा विचार आपल्याला परका नाही. आर्य अष्टांगिक मार्गातील सम्यक् आजीविका म्हणजे दुसरे काय? भगवान बुद्धांनी उपासकांना शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार निषिद्ध सांगितला. धन मिळवू नका, असे त्यांनी गृहस्थांना सांगितले नाही. ते कोणत्या वाटेने मिळवावे, एवढे सांगितले. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तर मालक आणि कामगार यांचा संबंध स्पष्टच मांडला आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण सहा दिशांना नमस्कार करीत असे. त्या दिशांचा खरा अर्थ बुद्धांनी त्याला समजावून दिला. आईबाप ही पूर्व, गुरुजन ही दक्षिण, पत्नी व मुले ही पश्चिम, मित्र ही उत्तर, श्रमण-ब्राह्मण ही वरची दिशा, आणि दास व कामगार ही खालची दिशा. मालकाने कामगारासाठी पाच गोष्टी कराव्यात: त्याच्या शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, अपूर्वाईची वस्तू आली तर वाटून घ्यावी आणि वेळेवर सुटी द्यावी. मालकाची कर्तव्ये येथे आधी सांगितली आहेत, कामगाराची नंतर. शिवाय या पाचांपैकी एकही कर्तव्य वर्षअखेरीस शिल्लक उरलेल्या पैशावर अवलंबून ठेवलेले नाही. ती रोजच्या कामाच्या आतच पाळावयाची आहेत.

ही कर्तव्ये मोडली म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर भोपाळकडे पाहावे. युनियन कार्बाइड ही बलाढ्य अमेरिकन कंपनी. तिच्या भारतीय कंपनीत तिचे ५०.९ टक्के भाग होते. भोपाळच्या कारखान्यात कीटकनाशक तयार होत असे, आणि त्यासाठी मिथिल आयसोसायनेट हे अत्यंत विषारी द्रव्य मोठ्या टाक्यांत साठविले जाई. कीटकनाशकाचा खप अपेक्षेप्रमाणे होईना, कारखाना तोट्यात चालू लागला आणि खर्चाला कात्री लागली. कामगारांची संख्या कमी करण्यात आली. टाक्या थंड ठेवणारे शीतयंत्र जून १९८४ मध्ये बंद करण्यात आले. निसटलेला वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली होती. वायू धुऊन निष्प्रभ करणारे यंत्र कामास सज्ज नव्हते, आणि पाण्याचे फवारे वायू ज्या उंचीवरून बाहेर पडे तेथपर्यंत पोहोचत नव्हते. हे दोष कोणाला ठाऊक नव्हते असेही नाही. १९८२ च्या मे महिन्यात मूळ कंपनीच्याच तज्ज्ञांनी अमेरिकेहून येऊन कारखान्याची तपासणी केली व गंभीर उणिवा नोंदविल्या होत्या. त्याच वर्षापासून भोपाळचे पत्रकार राजकुमार केसवानी हे आपल्या लेखांतून शहराला सावध करीत होते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले. ते कसे शिरले याविषयी वाद आहे. कंपनीने घातपाताकडे बोट दाखविले. परंतु पाणी कोणत्याही मार्गाने शिरले असो, त्यानंतर शहराचे रक्षण करावयाची जी साधने होती, ती बंद किंवा अपुरी होती, याला घातपात हे उत्तर होत नाही. मध्यरात्रीनंतर सुमारे ४० टन विषारी वायू बाहेर पडला आणि तो सर्वांत आधी कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरसारख्या गरिबांच्या वस्त्यांत शिरला. नुकसानभरपाईच्या सरकारी हिशेबात ५,२९५ मृत्यू मान्य झाले. खरा आकडा याहून पुष्कळ मोठा असल्याचे पीडितांच्या संघटना सांगतात. पाच लाखांहून अधिक माणसांना त्या वायूची बाधा झाली.

पुढे काय झाले तेही ऐका. भारत सरकारने तीन अब्जांहून अधिक डॉलर्सचा दावा लावला होता. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलर्सवर तडजोड झाली. कंपनीचे अध्यक्ष वॉरेन अँडरसन हे डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळला आले, अटक झाली, जामिनावर सुटले आणि खटल्यासाठी परत आलेच नाहीत; २०१४ साली त्यांचे निधन झाले. भारतीय कंपनीच्या सात अधिकाऱ्यांना ७ जून २०१० रोजी, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, दोन वर्षांच्या कैदेची शिक्षा सांगण्यात आली, व त्याच दिवशी जामीनही मिळाला. भरपाई वाढवून मागणारा सरकारचा अखेरचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळला. कारखान्यात साठवून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला हलविण्यात आला आणि त्याच वर्षी तेथे जाळण्यात आला. दुर्घटनेच्या रात्री जन्मलेले मूल तोवर चाळिशीत आले होते.

या हकिगतीत एक रुग्णालयही आहे. युनियन कार्बाइडने भारतीय कंपनीतील आपले भाग विकले, त्या पैशातून भोपाळमध्ये पीडितांसाठी मोठे रुग्णालय उभे राहिले. रुग्णालय ही उत्तम वस्तू आहे. परंतु ज्या घरातील माणसे त्या रात्री गेली, त्या घराला आपण असे विचारू शकतो काय, की तुम्हाला चालू स्थितीतले शीतयंत्र हवे होते की नंतरचे रुग्णालय? दान आणि आजीविका यांतील फरक या एका प्रश्नात आहे.

भोपाळमध्ये कोणा एका दुष्ट माणसाने एका रात्रीत हे घडविले नाही. तेथील प्रत्येक निर्णय लहान होता. अमुक यंत्र तूर्त बंद ठेवावे, अमुक पाळीतील माणसे कमी करावीत, अमुक नळी सवडीने बसवावी. असे निर्णय कागदावर होतात आणि प्रत्येक कागदाखाली कोणाची तरी सही असते. सही करणारा माणूस घरी सज्जन असू शकतो, मुलांवर माया करणारा असू शकतो. कार्यालयात मात्र तो स्वतःशी काही सबबी सांगतो. त्या सबबी आपण ओळखून ठेवल्या पाहिजेत, कारण उद्या त्या आपल्याही मुलांच्या तोंडी येतील.

पहिली सबब अशी की, व्यवस्थापक हा भागधारकांचा सेवक आहे. नफा वाढविणे एवढेच त्याचे काम. ही सबब मोठ्या विद्वानांनी मांडलेली आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० साली असे प्रतिपादन केले की, कायद्याच्या व प्रामाणिक स्पर्धेच्या मर्यादेत राहून नफा वाढविणे हीच उद्योगाची सामाजिक जबाबदारी होय; व्यवस्थापकाने दुसऱ्याच्या पैशावर समाजकार्य करू नये. या युक्तिवादात तथ्याचा अंश आहे, हे मान्य करावे. दुसऱ्याच्या पैशावर दानशूर म्हणवून घेणे सोपे असते. परंतु आपली मागणी दानाची नाहीच. कारखान्याचा खर्च कारखान्याने सोसावा, तो शेजारच्या वस्तीच्या फुप्फुसांवर आणि विहिरींवर टाकू नये, एवढीच आपली मागणी आहे. कायदाही आता हेच म्हणतो. दिल्लीतील एका कारखान्यातून डिसेंबर १९८५ मध्ये वायुगळती झाली. त्या प्रकरणात १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, धोकादायक धंदा करणाऱ्याने झालेल्या हानीची संपूर्ण जबाबदारी घेतली पाहिजे; मी काळजी घेतली होती, ही सबब त्याला सांगता येणार नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १६६ व्या कलमाने तर संचालकांना भागधारकांबरोबरच कामगार, समाज आणि पर्यावरण यांचे हित पाहण्याचे कर्तव्य लावून दिले आहे.

दुसरी सबब रूढीची. कामगारांतच तशी रीत आहे, आम्ही काय करणार, असे व्यवस्थापक म्हणतो. ही सबब आपल्या वाडवडिलांनी मुंबईच्या गिरण्यांत ऐकलेली आहे. तेथे विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील कांडी बदलताना धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा स्पर्श झालेला धोटा सवर्ण विणकरास चालत नसे. विणकामात मजुरी अधिक होती. म्हणजे विटाळाची किंमत आपल्या लोकांच्या पगारातून वसूल होत होती. १९२८ साली मुंबईतील सुमारे दीड लाख गिरणी कामगारांचा संप सहा महिने चालला. त्या वेळी सर्व खाती अस्पृश्यांना खुली करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घातली पाहिजे, असा आग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धरला. पुढाऱ्यांनी ती नाखुषीने घेतली. मालकांचे म्हणणे असे की, हा दोष आमचा नव्हे. गिरणी मालकाची, खाते मालकाचे, भरतीचा हुकूम मालकाचा. अन्याय मात्र कोणाचाच नाही! फायदा घेताना जो मालक असतो, त्याने अन्यायाचे उत्तर देतानाही मालकच राहिले पाहिजे.

तिसरी सबब कंत्राटदाराची, आणि आज ती सर्वांत घातक आहे. गटाराची टाकी साफ करताना माणूस गुदमरून मरतो. कंपनी म्हणते, तो आमच्या हजेरीपटावर नव्हता. कंत्राटदार म्हणतो, तो स्वतःच उतरला. मेलेल्याची जात मात्र कोणी विचारावी लागत नाही. ती बहुधा ठरलेली असते. २०१३ च्या कायद्याने गटारात व मैल्याच्या टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरविण्यास मनाई केली आहे, आणि ही मनाई केवळ कंत्राटदारास नाही. काम करवून घेणाऱ्या प्रत्येक व्यक्तीस व संस्थेस आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी अशा प्रत्येक मृत्यूसाठी १० लाख रुपये आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजी ३० लाख रुपये भरपाई ठरविली. पैसे वाढले, हे योग्यच झाले. तथापि सफाईचे यंत्र आणण्यास जो व्यवस्थापक खळखळ करतो, त्याने हे समजून असावे की, काम कंत्राटाने देता येते, जबाबदारी कंत्राटाने देता येत नाही.

येथे मी आपल्याच माणसांविषयी बोलणे टाळणार नाही. आपल्यातील कोणी कंत्राटदार झाला, कोणी कारखाना काढला, की आपणांस अभिमान वाटतो, आणि तो वाटावाही. परंतु त्याच्या कामावरील मजुरास ठरलेली मजुरी मिळते काय, त्याचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो काय, त्याला हातमोजे आणि बूट मिळतात काय, हे आपण विचारीत नाही. आपलाच माणूस आहे म्हणून गप्प बसतो. १९३८ साली मनमाड येथे रेल्वे कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले. आणि ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची सत्ता नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार, असा तिचा अर्थ करून दिला. हा नकार कोणत्याही जातीच्या माणसाच्या हातून होऊ शकतो. ज्या हातांनी त्रिशरण घेतले, त्याच हातांनी मजुराची हजेरी कापली जात असेल, तर धर्मांतर कागदावर झाले, आजीविकेत झाले नाही.

मग आपण करावे काय? जे श्रम करतात त्यांनी आपला जाणून घेण्याचा हक्क वापरावा. भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक कारखान्यातील कामगारास आपण कोणत्या द्रव्याजवळ काम करतो हे विचारण्याचा आणि समोर धोका दिसत असल्यास तसा इशारा देण्याचा हक्क मिळाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही धोक्याची सूचना मालकास व निरीक्षकास देण्याचा हक्क कामगारास आहे. सूचना तोंडी देऊ नये. लेखी द्यावी, आणि तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी.

जे व्यवस्थापक आहेत, त्यांना माझे सांगणे असे की, आपली सही ही आपलीच असते, कंपनीची नसते. खर्चात कपात करण्याचा कागद पुढे आला तर तिचा भार कोणावर पडेल, हे आधी विचारावे. तो भार विचारले न गेलेल्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसावर पडणार असेल, तर आपला विरोध त्या कागदावरच लेखी नोंदवावा. यात बढती अडकू शकते, नोकरीलाही धोका पोहोचू शकतो. हे मी लपवीत नाही. यास्तव अशा माणसामागे त्याच्या कुटुंबाने आणि समाजाने उभे राहिले पाहिजे. मुलाच्या पगाराचा आकडा विचारणाऱ्या आईवडिलांनी त्या पगारासाठी त्याला कशावर सही करावी लागते, हेही कधीतरी विचारावे.

आणि वस्तीत देणगी घेऊन कोणी आले, तर ती घ्यावी की न घ्यावी? घ्यावी. जेथे ती कायद्याने ठरलेल्या खर्चातून येते, तेथे ती उपकार नव्हे, याची जाणीव ठेवून घ्यावी. मात्र घेण्यापूर्वी सभेत तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या कारखान्याचे सांडपाणी कोठे जाते? तुमचे कंत्राटी कामगार किती आणि त्यांना वेतन किती? तुमच्या कारखान्यात गेल्या वर्षी किती अपघात झाले? उत्तर मिळाले तर उत्तम. देणगीच्या बदल्यात हे प्रश्न विचारू नका, अशी अट घातली गेली, तर ती देणगी राहिली नाही. तो आपल्या मौनाचा सौदा झाला, आणि तो सौदा आपण करू नये.

आपल्या पूर्वजांना शतकानुशतके उरलेले अन्न मिळाले आणि त्यालाच धर्म म्हटले गेले. उरलेल्यातून देणाऱ्याचे औदार्य आपण पुरेपूर पाहिले आहे. म्हणून कोणत्याही कंपनीची परीक्षा तिच्या उरलेल्या पैशावरून करू नका. तिच्या दारात कामास येणाऱ्या शेवटच्या माणसावरून करा. आणि उद्या ती कंपनी आपल्या मुलाची किंवा मुलीची असेल, तेव्हाही हीच कसोटी लावा.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. जय भीम.